ताईंचं नाक

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर त्या राहायच्या. शनिवारी संध्याकाळी त्यांचं लाकडी दार सताड उघडं असायचं. लावलेला असायचा तो फक्त जाळीचा दरवाजा. जिन्याने जाणाऱ्याला आतलं सगळं दिसायचं. टीपॉयवर बर्फाचं भांडं, लिंबं, दोन-तीन बाटल्या, सोफ्यावर हातात ग्लास घेऊन बसलेली मंडळी, आणि मधोमध कॉटनच्या साडीतल्या ताई, घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा नॅपकिनमध्ये गुंडाळून कानाजवळ खळाखळा हलवत असलेल्या. आतून बोंबील तळल्याचा आवाज. तळणारे त्यांचे यजमान.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जिन्यातच थांबले. मजला चुकला असं वाटलं.

"अगं, आत ये ना. आणि चपला आतच काढ, बाहेरच्या कुत्रा नेतो," ताई म्हणाल्या. मी आत पाऊल टाकलं तशी त्यांनी नाक जरासं वर केलं. "सेंट लावून आलीस?"

"थोडंसं."

"मग अर्धा तास गॅलरीत बस. वारा लागू दे."

मी खरंच अर्धा तास गॅलरीत बसले. भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, तिथेच मला प्लेटमध्ये गरम बोंबील आणून दिले आणि हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. लग्नात माझ्या अत्तराचा फाया पण काढून टाकायला लावला होता तिने."

ऑफिसात त्या माझ्या मॅडम. कांदिवलीतल्या एका औषध कंपनीत आम्ही कामाला होतो. लहान मुलांची सिरपं असतात ना, खोकल्याची, तापाची, जंताची, त्यांना चव आणि वास देणारा जो विभाग होता, तो त्या सांभाळायच्या. मूळ औषध इतकं कडू असायचं की जिभेच्या टोकाला लागलं तरी तासभर जायचं नाही. ते पोराच्या घशाखाली उतरेल असं करायचं, हे आमचं काम. संत्रं, स्ट्रॉबेरी, मिक्स फ्रूट अशा बाटल्यांची रांग समोर ठेवून त्या थेंबाथेंबाने जुळवत बसायच्या. "पोरगं थुंकलं की समज आपली नोकरी थुंकली," असं मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. विभागात कुणी केसांना वासाचं तेल लावायचं नाही, डब्यात लसणाची चटणी आणायची नाही. बाकीचे लोक आम्हाला हसायचे. पण कंपनीचं कुठलंही सिरप त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नसे.

ते नाक साधं नव्हतंच. सोसायटीच्या गेटातून आत शिरताना त्या सांगायच्या, तिसऱ्या मजल्यावर आज उंधियू आहे आणि दुसऱ्यावर दूध उतू गेलंय. प्रथमेश म्हणून आमच्या ऑफिसातला एक मुलगा शनिवारी यायचा. तो दारात उभा राहिला की ताई म्हणायच्या, "स्टेशनबाहेर वडापाव हाणलास, वर हात पण धुतला नाहीस. जा, मोरीत जा आधी." एकदा मी घरी भांडून आले होते. कुणाला काही बोलले नव्हते. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज तुला मी काही देणार नाही. तू रडून आलीयेस."

"हे पण वासावरून?"

"नाही गं, डोळ्यांवरून. वास कशाला लागतोय त्याला?"

रडून आलेल्याला त्या कधी द्यायच्या नाहीत. हा त्यांचा पक्का नियम होता. दुःख झालं असेल तर जेवायला ये, प्यायला नको, असं त्या सरळ तोंडावर सांगायच्या. दुसरा नियम म्हणजे पहिला ग्लास पाण्याचा, सगळ्यांना, पूर्ण. गाडी घेऊन आलेल्याने किल्ली पोळ्यांच्या डब्यात टाकायची आणि रिक्षाने घरी जायचं. आणि भाऊजींनी भात वाढला की बाटली बंद. मग समोर कितीही भारी व्हिस्की असो, तिचं बूच लागायचं. साडेनऊला आम्ही कालवण-भात जेवून खाली उतरलेले असायचो.

भाऊजी स्वतः थेंबही घेत नसत. त्यांना चवच आवडायची नाही. ते बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत, पण कढईसमोर उभे राहिले की त्यांना कुणी काही शिकवलेलं खपायचं नाही. बायको बाहेर पेग भरतेय आणि नवरा आत मासे तळतोय, यात आपण काही वेगळं करतोय असं दोघांनाही वाटत नसे.

"अहो, सुकटीत कांदा घातलात काय?" ताई बाहेरून विचारायच्या.

"घातलंय गे. तू तुझा बघ."

ताईंची सगळी भांडीकुंडी कामावरच्या सवयीतून आलेली. सिरपच्या बाटलीवर मापाचं प्लास्टिकचं झाकण येतं, ते त्यांचं माप. दारूसुद्धा त्यातूनच मोजायच्या, डोळ्यांसमोर झाकण धरून, एक डोळा मिटून. कोकमाचं आगळ, भाजलेली कैरी, जांभळाचा रस, गवती चहा, तिरफळ, आलं, सगळं गावाहून किंवा बोरीवलीच्या मंडईतून आणलेलं. आगळात जिन आणि सोडा घालून वर हाताने चुरगळलेला कढीपत्ता टाकायच्या. मी आयुष्यात घेतलेला पहिला घोट तो. मला आधी माझ्या आजोळची सोलकढी आठवली आणि मग कान गरम झाले.

प्रथमेशला क्राफ्ट बिअरचं वेड. कुठल्या कुठल्या छोट्या ब्रुअरींचे रंगीबेरंगी कॅन तो बॅगेतून घेऊन यायचा आणि प्रत्येक कॅनवर भाषण द्यायचा. ताईंनी पहिल्यांदा तसली कडक कडू बिअर प्यायली तेव्हा डोळे घट्ट मिटून घेतले. त्याला वाटलं, आवडली नाही. मग म्हणाल्या, "अरे, जन्मभर मी कडू झाकत आले. हा माणूस तर ते मिरवतोय! कोण आहे रे बनवणारा? त्याला भेटायला पाहिजे." पुढे प्रत्येक वेळी तो कॅन आला की भाऊजींकडून त्या सुकटीची चटणी मागवायच्या. कडू बिअर आणि सुकट, ही जोडी त्यांनीच जुळवली होती.

माझ्या घरी हे सगळं सांगणं सोपं नव्हतं. आम्ही जोगेश्वरीचे. आजोबा गिरणीत होते. आमच्या चाळीत दारू म्हणजे शेजारच्या खोलीतून येणारी आरडाओरड, आणि सकाळी त्या घरच्या बाईने नळावर खाली घातलेली मान. बाईने प्यायची, तीही हसतखेळत, हे आईच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं. तिने मला अडवलं नाही. फक्त एका शनिवारी साडी बदलून तयार झाली आणि म्हणाली, "चल, मी पण येते. बघू दे मला कसली बाई आहे."

मी रिक्षात घामाघूम. ताईंनी मात्र आईला बघितलं आणि खुश झाल्या. "या या. तुमची मुलगी फार हुशार आहे, पण पाणी कमी पिते." आईच्या हातात पाण्याचा ग्लास आला. मग तिला त्यांनी बिनदारूचं आगळाचं सरबत करून दिलं, तेवढ्याच मन लावून, तेच झाकणाचं माप घेऊन, तोच डबा हलवून. भाऊजींनी बोंबील आणले. आई दोन तास एका कडेला बसून बघत होती. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी कुणाला आग्रह केला नाही. भात आला, बाटली बंद झाली.

घरी आल्यावर आई पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "नवरा मासे तळतो आणि बायको ग्लास भरते. बघण्यासारखं घर आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "बोंबील कुरकुरीत होते गं. विचार कसे केले."

सोसायटीत मात्र कुजबुज होतीच. वर्षाच्या सभेत सेक्रेटरींनी विषय काढला. ते चौथ्या मजल्यावर राहायचे, गुजराती, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे, बोलायला मऊ. "ताई, आपण फॅमिलीवाले लोक आहोत. शनिवारी तुमच्याकडे दार उघडं ठेवून... मुलं जिन्याने जातात."

ताई उठल्या. हातात पिशवी होती. त्यातून त्यांनी काचेच्या फ्रेममधलं आपलं दारूचं परमिट काढलं आणि टेबलावर उभं केलं. हे परमिट एरवी त्यांच्या हॉलमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेलं असायचं. "हे सरकारने मला दिलंय. आता सांगा, शनिवारी माझ्याकडून कधी आरडाओरडा ऐकलात?"

"आवाज नाही, पण..."

"कुणी जिन्यात पडलं? कुणी शिवी दिली?"

"नाही, पण दार तरी बंद करा ना."

"दार का बंद करू? खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून, एसी लावून कोण कोण बसतं, ते मला माहीत आहे. जिन्याने जाताना वास येतो मला. ब्रँडसकट सांगू शकते. सांगत नाही." सभेतल्या चार-पाच पुरुषांनी एकदम खाली बघितलं. "मी दार उघडं ठेवून पिते. पोरांनी बघू दे, माणसं पिऊनसुद्धा नीट बसतात. आणि सेक्रेटरीसाहेब, तुम्ही स्वतः येऊन बघा. बिनदारूचं देईन."

पुढच्या शनिवारी सेक्रेटरी खरंच आले. तपासणीला आले होते, म्हणून खुर्चीच्या टोकावर बसले. ताईंनी त्यांच्यासाठी आधी सगळी भांडी वेगळी घासून घेतली. भाजलेल्या कैरीचं पन्हं, त्यात जराशी मिरी, वर पुदिना. ते एक घोट प्यायले आणि खुर्चीत मागे टेकले. त्यानंतर ते एकही शनिवार चुकले नाहीत. त्यांची बायको विचारायची, कुठे चाललात, तर सांगायचे, "सोसायटीचं काम आहे."

आणि एक गोष्ट सांगायला हवी. एकदा प्रथमेश आपल्या एका ओळखीच्या माणसाला घेऊन आला. मोठा पगार, मोठा आवाज. भाऊजी प्लेट घेऊन बाहेर आले तसा तो हसत म्हणाला, "काय काका, काकूंनी तुम्हाला किचनमध्ये ठेवलंय वाटतं!" कुणीच हसलं नाही. घड्याळात अजून आठही वाजले नव्हते. ताईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं आणि भाऊजींना म्हणाल्या, "अहो, भात वाढा." भात शिजलेलासुद्धा नव्हता. आम्ही सगळे अर्धा तास रिकाम्या ताटांसमोर बसून राहिलो, बाटलीचं बूच लागलेलं, आणि त्या माणसाला काय झालं तेच कळेना. तो पुन्हा आला नाही.

मग ती आजाराची साथ आली. ताईंना ताप आला, भाऊजींनाही आला. दोघं घरातच बरी झाली. आम्ही फोन करायचो, जाळीच्या दाराला पिशव्या अडकवून यायचो. ताप उतरला, खोकला गेला, सगळं ठीक झालंय असं वाटलं. एका दुपारी भाऊजींनी बऱ्याच दिवसांनी कढई ठेवली. घरभर बोंबलांचा वास. ताई हॉलमध्ये बसलेल्या. त्यांनी सहज विचारलं, "आज जेवायला काय केलंत?"

भाऊजी झारा हातात घेऊन बाहेर आले. "गे, तुका वास येणा नाय?"

हे मला भाऊजींनी नंतर सांगितलं. ते म्हणाले, ती उठली, कपाट उघडलं, सगळ्या बरण्या एकेक करून नाकाला लावल्या. लवंग, हिंग, तिरफळ. हिंगाची बरणी नाकाला लावून ती तशीच उभी राहिली.

बऱ्याच जणांचा वास दोन-तीन आठवड्यांत परत आला. ताईंचा आला नाही.

त्या कामावर परत आल्या तो दिवस मला स्पष्ट आठवतो. टेबलावर नवीन सिरपाचा नमुना तयार होता. त्यांनी तो उचलला नाही. मला बरोबर घेऊन सरळ वरच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"माझं नाक गेलंय," त्या म्हणाल्या. "वास येत नाही. चव पण अर्धीच लागते."

साहेब भला माणूस होता. "मॅडम, येईल हळूहळू. कशाला गाजावाजा करता? चाखायचं काम बाकीचे करतील, तुम्ही फक्त सही करा."

"सही केली म्हणजे मी चाखलंय असा अर्थ होतो."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," ताई म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिला द्या सही. हिचं नाक तयार आहे. मीच तयार केलंय."

बाहेर आल्यावर मी मान खाली घालून चालायला लागले. त्याच म्हणाल्या, "तोंड काय पाडतेस? जा, नमुना गरम होतोय." काही महिन्यांनी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी त्यांच्या हातात कुणीतरी गुलाबांचा मोठा गुच्छ दिला. सवयीने त्यांनी तो नाकाशी नेला आणि तिथेच थांबल्या. मग तो माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "धर गं हे. जड आहे."

शनिवार बंद झाले. मी फोन केला की भाऊजी उचलायचे, झोपलीय म्हणायचे. बाटल्यांच्या कपाटाला कुलूप लागलं होतं आणि लाकडी दार, जे कधी बंद नसायचं, ते बंद असायचं. प्रथमेश आणि मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. कुणाची बेल वाजवायची हिंमत होईना.

ती वाजवली सेक्रेटरींनी. शनिवारी सात वाजता, आम्हा दोघांना बरोबर घेऊन. ताईंनी दार उघडलं. केस विस्कटलेले, गाऊन घातलेला.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"कसली?"

"शनिवारी दार बंद असतं. सोसायटीच्या लोकांना सवय नाही."

ताईंनी केस मागे सारले. "मी काय देणार तुम्हाला? मला कळतच नाही मी काय करतेय ते."

"आम्हाला कळतं ना," ते म्हणाले. "पन्हं करा. मी सांगतो."

ताई आत गेल्या. साडी नेसून बाहेर आल्या आणि भाऊजींकडे हात पुढे केला. भाऊजींनी कपाटाची किल्ली दिली. त्यांच्या खिशातच असायची ती, रोज.

पहिले काही शनिवार वाईट गेले. ताई आठवणीने सगळं करायच्या. हात चुकत नव्हते, पण कैरी दरवेळी वेगळी आंबट निघते, आलं कधी कोवळं असतं कधी तिखट, ते आता त्यांना समजत नव्हतं. आम्ही प्यायचो आणि म्हणायचो, "झकास, ताई." त्या ग्लास उचलून आत न्यायच्या. त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

एकदा त्यांनी तिरफळाचा पाक घालून पन्हं केलं. मी घोट घेतला. जीभ बधिर झाली. "छान आहे," मी म्हणाले. प्रथमेशने मान हलवली. सेक्रेटरींनी ग्लास टीपॉयवर ठेवला, रुमालाने तोंड पुसलं.

"ताई, हे औषध झालंय."

 आतून कढईचा आवाज थांबला. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "जन्मभर औषधाचं सरबत केलं, आता सरबताचं औषध केलं! शाब्बास, सेक्रेटरी. हे पाहिजे मला." मग आमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही दोघं. यापुढे या घरात झकास म्हणालात तर सरळ घरी जायचं."

तिथून आमची शाळा सुरू झाली. ग्लास हातात दिला की प्रश्न सुरू. आधी आंबट येतं की आधी गोड? गिळल्यावर काय उरतं? कुठे उरतं, जिभेवर की घशात? वास कसला? "लिंबासारखा" म्हटलं तर चालायचं नाही. "लिंबाच्या सालीचा की रसाचा? की पानाचा?" मी ऑफिसात हेच काम करत होते तरी मला घाम फुटायचा, कारण तिथे मशीनचे आकडे असायचे, इथे फक्त माझे शब्द. प्रथमेश बिअरबद्दल पाठ केलेले इंग्रजी शब्द फेकायला लागला की त्या म्हणायच्या, "ते कॅनवर लिहिलंय. तुला काय लागलं ते सांग." एकदा तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "ताई, शाळेत पेन्सिलला टोक काढल्यावर यायचा ना, तसा वास." ताईंचा चेहरा असा उजळला की त्याने तो कॅन पुढचे चार शनिवार आणला.

त्या रोज सकाळी लवंग, लिंबू आणि कॉफी नाकाशी धरून बसायच्या, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. कधी कधी कॉफीचा काहीतरी धूसर भास व्हायचा. कधी तोही नाही. त्याबद्दल त्या बोलत नसत. शनिवारी मात्र त्यांची पेयं परत जमायला लागली. पूर्वीइतकी चांगली असं मी म्हणणार नाही. वेगळी, आणि काही तर पूर्वीपेक्षा चांगली. सेक्रेटरींची जीभ गोड-आंबटात कधी चुकायची नाही. दारू चढल्यावर चव कशी बदलते ते प्रथमेश सांगायचा. वास माझ्याकडे होता.

प्रथमेशचं लग्न ठरलं तेव्हा ताईंनी जाहीर केलं, केळवण माझ्याकडे. मुलीकडची मंडळीही बोलवा. लोकांच्या केळवणाला श्रीखंड-पुरी असते, इथे कॉकटेल होतं. नवरानवरीसाठी एक नवीन पेय करायचं त्यांनी मनावर घेतलं. भाजलेल्या कैरीचा गर, गवती चहाचा अर्क, जिन, आणि तिरफळ, कारण मुलगी वेंगुर्ल्याची. आदल्या दिवशी मी चाखायला गेले. एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"ताई, नाही."

"काय नाही?"

"तिरफळ कैरीचा धूर खाऊन टाकतंय. भाजल्याचा वासच राहत नाही."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "माझ्या डोक्यात बरोबर बसलंय हे. मी रात्रभर जुळवलंय."

"डोक्यात बसलं असेल. तोंडात नाही बसत."

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. मग त्यांनी ते अख्खं भांडं सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला आणि म्हणाल्या, "चल. पहिल्यापासून. तू सांग, मी घालते." या वेळी तिरफळ आत घातलंच नाही, नुसतं ग्लासाच्या काठाला चोळलं. तेवढंच पुरलं. ओठाला लागायचं आणि मग मागून कैरीचा धूर यायचा.

दुसऱ्या दिवशी घर भरलेलं. मुलीचे मामा आले होते, दुबईत मोठ्या हॉटेलचा बार सांभाळून आलेले, केस मागे वळवलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. प्रथमेशने मला आधीच सांगितलं होतं की हा माणूस कुणाच्या घरचं प्यायलं तर नाकं मुरडतो. भाऊजींनी बोंबील आणले, ताईंनी ग्लास दिले. मामांनी घोट घेतला. ग्लासाचा काठ बघितला, बोट फिरवलं, पुन्हा घोट घेतला. मग उभे राहून ग्लास ताईंकडे वर धरला.  प्रथमेशने माझा हात इतका जोरात दाबला की दुखला.

मग मामांनी पिशवीतून एक बाटली काढली. "ही मी स्वतःसाठी जपून ठेवली होती. तुमच्यासारख्या माणसाबरोबरच उघडायची. ताई, तुम्ही आधी वास घ्या आणि सांगा, काय काय मिळतंय."

त्यांना माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मी, प्रथमेश आणि सेक्रेटरी एकमेकांकडे बघायला लागलो. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. मामांनी थोडी व्हिस्की ग्लासात ओतून ताईंच्या हातात दिली.

ताईंनी ग्लास हातात घेतला, उजेडात धरून रंग बघितला. नाकाशी नेला नाही. "मामा, मला वास येत नाही," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, जसं कुणी चष्मा विसरलाय म्हणून सांगेल तसं. "तापात गेला. पण थांबा." आणि ग्लास माझ्याकडे दिला. "सांग गं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"आधी गूळ," मी म्हणाले. "करपलेला नाही. कढईला लागायच्या आधीचा."

"मग?"

"मग लाकूड. जुन्या पेटीचं, आत घडीच्या साड्या ठेवलेल्या असतात तसल्या. थोडी भिजवलेली चिंच. धूर आहे, पण लांबून. आपण अंगणात आहोत आणि चूल मागच्या पडवीत पेटलीय, असा."

"गोड?"

"गोड मागे आहे. पेरू. पिकलेला, आतून गुलाबी."

मी डोळे उघडले. ताईंनी त्यांचे मिटले होते. त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. त्यांनी माझ्या हातून ग्लास घेतला, लहानसा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बराच वेळ गिळलाच नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "पेरू."

त्यांना खरंच काही लागलं का, ते मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आता ताई आणि भाऊजी देवगडकडे राहायला गेलेत, आणि फोनवर आम्ही बोलतो ते बहुतेक आंब्याबद्दल.

मामा माझ्याकडे बघत होते. "मुलगी का तुमची?"

"मुलगी नाही हो, माझ्या हाताखाली होती," ताई म्हणाल्या. मग मान ताठ करून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "पण ते नाक माझंच आहे. सध्या तिच्याकडे असतं."